वाचक विचारतात : ‘भारताकडून खेळलेच नाहीत, मग एवढे लेख कशाला?’

पितृपक्षात वडिलांचं पान वाढलं, की त्याच दुपारी मी त्यांच्या स्कोअरबुकांपैकी एक कपाटातून काढते, पुसते, चार पानं चाळते आणि परत ठेवते. वडील आठवडाभर कारकुनी करायचे आणि रविवारी एका क्लबाचे स्कोअरर असायचे. कांगा लीग ही मुंबईची क्रिकेट स्पर्धा भर पावसाळ्यात असते, त्यामुळे त्या वह्यांची पानं अजून फुगलेली आहेत. तंबूतल्या टेबलाशी त्यांच्या शेजारी बसून ‘बॉलर बदलला, बाबा’ एवढं सांगायचं काम माझ्याकडे असे. पुढे मी शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर हे सदर हाती आलं.

अलीकडे गेलेल्या खेळाडूंविषयी, कलावंतांविषयी काही विचारायचं असेल तर कळवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली. बऱ्याच पत्रांत ‘एका युगाचा अस्त’ आणि ‘कधीही न भरून येणारी पोकळी’ होती. भावना खरी असेल, पण त्यातून गेलेला माणूस कोण होता ते कळत नाही. म्हणून ज्यांनी नेमकं काही विचारलं, त्यांची पत्रं आधी घेतली.

बाई, मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर गेले तेव्हा मी पेपरातलं पान मुलाला दाखवलं. तो सोळा वर्षांचा आहे, स्वतः डावखुरी फिरकी टाकतो. त्याने मोबाइलवर पाहिलं आणि म्हणाला, ‘बाबा, हे भारताकडून एकही मॅच खेळले नाहीत, मग एवढे लेख कशाला?’ मला धड उत्तर देता आलं नाही. काय सांगू? — एक वडील, डोंबिवली

तुमचा मुलगा डावखुरी फिरकी टाकतो, म्हणजे त्याला हे लवकर कळेल.

आधी आकडे सांगा, कारण तो मोबाइलवर तेच बघणार. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. म्हणजे दर बळीमागे वीस धावाही दिल्या नाहीत. आणि हे एका मोसमाचं नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते खेळू लागले आणि निवृत्त झाल्यावरही १९८७-८८ मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी, मुंबईसाठी परत उतरले.

मग त्याला एक सामना सांगा. १९७२-७३ची रणजी अंतिम लढत, चेपॉक, समोर तामिळनाडू. खेळपट्टी अशी, की मुंबईच्या १५१ आणि ११३च धावा झाल्या. तामिळनाडूच्या ८० आणि ६१. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. वाडेकरांच्या त्या संघाने मुंबईला सलग पंधराव्यांदा रणजी करंडक मिळवून दिला. वडिलांनी पेपरातला तो धावफलक कापून वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला खळीने चिकटवला होता. कागद तपकिरी झालाय, पण ‘शिवलकर’च्या ओळीखाली त्यांनी ओढलेली पेन्सिलची रेघ ठळक आहे. दुसऱ्या कुणाच्या नावाखाली त्यांनी कधी रेघ मारली नाही.

या आकड्यांमागचा माणूस मी तंबूतून बघितला. स्कोअररच्या कागदावर प्रत्येक चेंडूची नोंद होते. धाव नाही निघाली की टिंब. षटकात सहाही टिंबं आली की ती रेघांनी जोडून ‘एम्’ करायचा, म्हणजे मेडन. त्यात विकेट असेल तर तेच उलटं जोडून ‘डब्ल्यू’. ‘पॅडी’, म्हणजे शिवलकर, गोलंदाजीला असले की वडिलांची पेन्सिल टिंबं देत आणि ती जोडत राहायची. दोनचार पावलांचा तो सैलसर स्टार्ट, हात वर जाताना कुठलीही घाई नाही, चेंडूला उंची दिलेली आणि टप्पा मात्र तिथेच. फलंदाज पुढे यायचा, थबकायचा, परत मागे जायचा. समोरच्या तंबूतली माणसं ‘अरे मार की’ ओरडायची आणि तो मारू शकत नसे. टप्पा आणि दिशा यांवर इतकी हुकमत असलेला गोलंदाज मी नंतर पाहिला नाही.

आता ‘मग भारताकडून का नाही?’ हा प्रश्न. त्यांच्या ऐन भराच्या वर्षांत भारताच्या संघात बिशनसिंग बेदी होते : तेही डावखुरे, तेही मंदगती, ६७ कसोटींत २६६ बळी. बरोबर प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन. जागा खरंच नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. हरयाणाच्या राजिंदर गोयल यांचंही तेच झालं. रणजीत ६३७ बळी आणि कसोटी एकही नाही. १९७४ मध्ये बंगळूरला वेस्ट इंडिजविरुद्ध बेदींना वगळलं, गोयल संघात आले आणि सामन्याच्या दिवशी त्यांनाही बाहेर बसवलं. बेदींचा काळ सरल्यावर १९७९ मध्ये दिलीप दोशींना संधी मिळाली, तेही वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्यांनी ३३ कसोटींत ११४ बळी घेऊन तिचं सोनं केलं. शिवलकर तेव्हा एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होते. (दोशींचंही २०२५च्या जूनमध्ये लंडनला निधन झालं. शिवलकर त्याच वर्षी मार्चमध्ये गेले होते, चौऱ्याऐंशीव्या वर्षी.)

तरी माझं मत सांगते. इतकी वर्षं मायदेशात कसोटी झाल्या, त्यांपैकी एकीत दोन डावखुरे फिरकी गोलंदाज खेळवले असते तर काही बिघडलं नसतं. गावसकरांनी आपल्याला आदर्श वाटलेल्या खेळाडूंवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यात शिवलकर आणि गोयल या दोघांनाही जागा दिली. २०१७ मध्ये क्रिकेट मंडळाने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. शिवलकरांनी स्वतः आत्मचरित्राला नाव दिलं ‘हा चेंडू दैवगतीचा’. ते गायचेही छान. त्यांनी दैवाचं नाव घेतलं, निवड समितीतल्या कुणाचं घेतलं नाही.

मुलाला सांगा, एकदा नेटमध्ये सहा चेंडू टाक आणि सहाही टिंबं पडतायत का बघ. मग त्या ५८९ कडे परत बघ.

फेब्रुवारीत नागपूरला मुंबई-विदर्भ रणजी उपांत्य सामना बघायला गेलो होतो. मुंबईच्या खेळाडूंनी दंडाला काळ्या फिती लावल्या होत्या. शेजाऱ्यांना विचारलं, कुणाला माहीत नव्हतं. — नागपूर

मिलिंद रेगे यांच्यासाठी. १९ फेब्रुवारी २०२५ला ते मुंबईत वारले. तीनच दिवसांपूर्वी ७६ पूर्ण झाली होती. मुंबईचे माजी कर्णधार, ऑफस्पिनर, खाली येऊन धावाही करायचे. शाळा, कॉलेज, दादर युनियन क्लब आणि मुंबई, सगळीकडे गावसकरांच्या सोबतीने. सव्विसाव्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. तो काळ असा, की एवढ्या दुखण्यानंतर माणसाला जिना चढू देत नसत. ते मैदानावर परत आले आणि मुंबईसाठी परत खेळले. पुढे निवड समितीवर वर्षानुवर्षं काम केलं. तुम्ही फिती पाहून विचारलंत, हे मला फार बरं वाटलं.

आम्ही चार पिढ्या बडोद्याचे. माझे वडील अंशुमन गायकवाडांना कायम ‘दत्ताजीरावांचा मुलगा’ म्हणायचे. २०२४ मध्ये दोघेही गेले. नातवाने आकडे काढले : ४० कसोटी, १९८५ धावा, सरासरी ३०. म्हणाला, ‘आजोबा, हे तर साधारणच.’ मी म्हणालो, त्यांचे किंग्स्टनचे ८१ बघ. पण ते ८१वर बाद झाले की नाही यावरून आमचा वाद झाला. — बडोदे

वाद मिटवते. ते बाद झाले नाहीत. धावफलकात त्यांच्यापुढे ‘रिटायर्ड हर्ट’ आहे, म्हणजे दुखापतीमुळे डाव सोडावा लागला.

एप्रिल १९७६. त्याआधीच्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत भारताने चौथ्या डावात ४०६ धावा काढून सामना जिंकला होता. किंग्स्टनला वेस्ट इंडिजने वेगवान मारा सोडला. चेंडू अंगावर, डोक्यावर येत होते. हेल्मेट नव्हतं. गावसकर आणि गायकवाड यांनी १३६ची सलामी दिली. गावसकर ६६वर गेले. गायकवाड दुसऱ्या दिवशीही उभे होते, अंगावर घेत होते. शेवटी होल्डिंगचा चेंडू कानावर बसला. तिथून त्यांना इस्पितळात नेलं. कानाचं ते दुखणं त्यांना पुढेही सोसावं लागलं.

आता तुमच्या नातवाला त्या सामन्याचा दुसरा डाव दाखवा. भारत ९७, पाच गडी बाद आणि डाव संपला. का? उरलेल्या पाच नावांपुढे ‘ॲबसेंट हर्ट’ आहे, म्हणजे दुखापतीमुळे उतरलेच नाहीत. गायकवाड, ब्रिजेश पटेल, विश्वनाथ, बेदी, चंद्रशेखर. माझ्या वडिलांनी तो धावफलकही उतरवून घेतला होता. पाच ओळी एकाखाली एक, पाचही ठिकाणी तेच दोन शब्द, आणि धावांच्या रकान्यात काहीच नाही. मी पुढे वर्गात सरासरी शिकवताना हे उदाहरण घ्यायची. भागाकार बरोबर असतो, पण किती वेळ कुणापुढे उभं राहून त्या धावा काढल्या हे त्यात येत नाही.

नातवाला १९८३चं जालंधरही सांगा. पाकिस्तानविरुद्ध २०१ धावा, ६७१ मिनिटं. त्या वेळचं प्रथम श्रेणीतलं सर्वांत संथ द्विशतक. आजच्या मुलांना ‘संथ’ म्हणजे दोष वाटतो. अकरा तासांहून जास्त वेळ लक्ष विचलित होऊ न देणं म्हणजे काय, हे त्याने अभ्यासाला बसून अनुभवावं. प्रशिक्षक म्हणूनही ते नावाजले. १९९९ मध्ये कोटलावर कुंबळेंनी डावात दहा बळी घेतले, तेव्हा संघ त्यांच्याच हाताखाली होता.

आणि तुमचे वडील म्हणायचे तेही बरोबरच. दत्ताजीरावांनी १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये भारताचं नेतृत्व केलं, त्याआधी १९५७-५८ मध्ये बडोद्याला रणजी करंडक मिळवून दिला. १३ फेब्रुवारी २०२४ला ते गेले तेव्हा ९५ वर्षांचे होते, हयात कसोटीपटूंमध्ये भारताचे सर्वांत ज्येष्ठ. मुलगा त्याच वर्षी ३१ जुलैला गेला, कर्करोगाने, ७१व्या वर्षी. एका घरातून साडेपाच महिन्यांत दोघे. तुम्ही बडोद्याचे, तुम्हाला मी काय सांगायचं.

बाई, मी १९ वर्षांची आहे, बंगळुरूला गाणं शिकते. प्रभाताई अत्रे माझ्यासाठी देवाच्या जागी आहेत. पण एका जाणत्या श्रोत्यांनी मला ऐकवलं, ‘ख्यालात सरगम म्हणजे नुसती भरती, किराणा घराण्यात हे बसत नाही.’ मी गप्प बसले. चूक केली का? — एक विद्यार्थिनी

गप्प बसलीस ते वयाचा मान ठेवून. त्यात चूक नाही. पण मनात शंका ठेवू नकोस.

सरगम, म्हणजे स्वरांची नावंच गाणं, किराण्याला परकी नाही. खुद्द या घराण्याचे प्रवर्तक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांत ती आहे. त्यांना कर्नाटक संगीताची ओढ होती, तिथून ती आली. तू तर त्याच मुलखात शिकतेस. प्रभाताईंचे गुरू सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर, ही त्याच खाँसाहेबांची मुलं. तरीही प्रभाताई सरगम गायला लागल्या तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. तुझे श्रोते जे बोलले ते त्यांनी कितीतरी आधी ऐकून घेतलं होतं. त्यांनी काय केलं? सरगम गाणं थांबवलं नाही, आणि सरगम या विषयावरच प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. विज्ञान आणि कायदा या दोन्ही शाखांची पदवी घेतलेली बाई. गळ्याने उत्तर दिलं आणि लेखणीनेही.

त्यांच्या घरात गाणं नव्हतं. आई आजारी असायची, मन रमेल म्हणून कुणीतरी तिला गाणं शिकायला सुचवलं. आईचं शिकणं थोड्याच दिवसांत थांबलं. शेजारी बसून ऐकणारी आठ वर्षांची मुलगी मात्र ते घेऊन पुढे निघाली. संगीत नाटकांत त्यांनी कामं केली, आकाशवाणीवर नोकरी केली, मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभाग सांभाळला.

आमच्याकडे त्यांच्या मारुबिहाग आणि कलावतीची ध्वनिमुद्रिका होती. माझ्या सासूबाई सकाळची भाजी निवडताना रात्रीचा मारुबिहाग लावायच्या. मी म्हटलं, ‘अहो, ही वेळ नाही त्याची.’ त्या म्हणाल्या, ‘मला रात्री वेळ कुठे असतो?’ ‘जागू मैं सारी रैना’ सुरू झालं की त्यांचा हात मेथीच्या जुडीवर थांबायचा. सरगम आली की त्या डोळे मिटून घ्यायच्या. सा-रे-ग-म म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शब्द नाही, अर्थ नाही, नुसती स्वरांची नावं, आणि तरी त्या बाईला ते पोचत होतं. याला भरती कसं म्हणायचं?

१३ जानेवारी २०२४ला पुण्यात त्या गेल्या, ९१व्या वर्षी. त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं. तू रियाजाला बसतेस त्या वहीत हे लिहून ठेव.

अतुल परचुरे गेल्यावर माझी आई दोन दिवस नीट जेवली नाही. मला ते हिंदी कॉमेडी कार्यक्रमांतूनच माहीत. आई म्हणते, ‘तू त्यांना पाहिलंच नाहीस.’ मी काय पाहिलं नाही? — नाशिक

आईला ‘नातीगोती’विषयी विचारा. जयवंत दळवींचं नाटक. घरात मतिमंद मुलगा, तो वाढतोय, आईवडील थकतायत. परचुरे तो बच्चू करायचे. ज्या वयात नट टाळीच्या वाक्यामागे असतो, त्या वयात त्यांनी जवळजवळ बिनवाक्यांची भूमिका केली. आम्ही नाटक पाहून बाहेर पडलो तेव्हा माझी मैत्रीण, जिच्या घरी असाच भाऊ होता, जिन्यातच बसून राहिली. म्हणाली, ‘तो हात असाच धरतो गं.’ एवढंच बोलली.

आणि ‘व्यक्ती आणि वल्ली’मधले पु. ल. देशपांडे. सबंध महाराष्ट्राला ज्यांचा आवाज, चालणं, बोलणं पाठ, त्यांची भूमिका पु. लं.च्या हयातीत करायची! परचुऱ्यांनी नक्कल केली नाही, ते पु. लं.च्या कुतूहलाने माणसांकडे बघायचे, आणि तेवढं पुरे होतं. कर्करोगातून उठून ते ‘सूर्याची पिल्ले’मधून परत रंगमंचावर येणार होते. १४ ऑक्टोबर २०२४ला गेले, ५७व्या वर्षी. आई जेवली नाही ते बरोबरच आहे. तिला सांगा, मीही त्या दिवशी स्वयंपाक केला नव्हता.

एका ज्येष्ठ अभिनेत्यांच्या निधनाची बातमी मी ग्रुपवर टाकली. ते व्यवस्थित आहेत. आता काय करू? — कोल्हापूर

त्याच ग्रुपवर, त्याच जागी, स्पष्ट शब्दांत चूक मान्य करा. नुसतं डिलीट करू नका, पुढे पाठवलेल्यांपर्यंत ते पोचत नाही. यापुढे घरच्यांचं निवेदन किंवा दोन वर्तमानपत्रांत बातमी येईपर्यंत थांबा. तासभर उशिरा हळहळल्याने कुणाचं काही अडत नाही.

मला चुकीच्या नोंदीचा त्रास होतो, त्याचं कारण घरचं आहे. माझे वडील गेले त्या वर्षी क्लबाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर चार ओळी आल्या. ‘ज्येष्ठ पंच’ म्हणून. ते एक दिवसही पंच नव्हते. एकतीस पावसाळे त्यांनी स्कोअर लिहिला. आईने ते पान वाचलं, स्मरणिका मिटली आणि पुन्हा उघडली नाही. मी पत्र पाठवलं, दुरुस्ती काही झाली नाही.

आमचे हे पं. प्रभाकर कारेकरांचे निस्सीम भक्त. ह्यांनी मैफलींच्या कॅसेटी जपून ठेवल्या होत्या. आता हेही नाहीत आणि पंडितजीही गेले. कॅसेटींना बुरशी धरलीय. टाकून द्यायला जीव होत नाही. — म्हापसा, गोवा

टाकू नका. कारेकर तुमच्याच गोव्याचे. सुरेश हळदणकर, जितेंद्र अभिषेकी आणि सी. आर. व्यास यांच्याकडे शिकले, १२ फेब्रुवारी २०२५ला मुंबईत वारले. ‘प्रिये पहा’ आणि ‘वक्रतुंड महाकाय’ बाजारात मिळेल. तुमच्या यजमानांनी मैफलीत टेप केलेलं दुसरीकडे कुठे मिळेल?

बुरशी दिसतेय ती कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये मुळीच घालू नका. फीत तुटते आणि बुरशी यंत्राला लागून पुढच्या कॅसेटींना जाते. त्या वेगळ्या काढा आणि जुन्या ध्वनिमुद्रणांचं काम करणाऱ्या माणसाकडेच द्या. ज्या स्वच्छ आहेत त्यांच्या चाकात पेन्सिल घालून, हळूहळू फिरवून, फीत सैल नाही ना बघा. मग संगणकावर उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा. मूळ कॅसेटी डब्यांत उभ्या, कोरड्या जागी, स्पीकरपासून लांब.

उतरवण्याआधी प्रत्येक डब्यावर यजमानांनी काय लिहिलंय ते वहीत जसंच्या तसं टिपून घ्या : गाव, देऊळ, तारीख, तबल्याला कोण, पेटीला कोण. जे लिहिलेलं नसेल आणि तुम्हाला आठवत असेल तेही, त्या रात्री पाऊस होता का, तुम्ही दोघं किती वाजता घरी आलात. पेन्सिलनेच लिहा. तुमच्याकडच्या दमट हवेत शाई पसरते. वडिलांच्या वहीत शाईने घातलेली शीर्षकं पार विरून गेलीत, पेन्सिलची टिंबं अजून मोजता येतात.